समुपदेशकाची खोली कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

नवे सत्र सुरू झाले की महाविद्यालयांत पहिल्याच दिवशी मानसिक आरोग्यावर तासभर व्याख्यान होते, फोटो निघतात आणि विषय मिटतो. पण पहिल्या दिवशी कुणी खचलेले नसते. गडचिरोली, गोंदियाहून नागपूरला आलेली मुले बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढेपाळतात. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा इंग्रजीतला तास डोक्यावरून जातो म्हणून मागच्या बाकावर सरकतो. दुसरा झटका दिवाळीहून परतल्यावर बसतो. विचारपूस तेव्हा हवी.

रूमवर राहणाऱ्याची पहिली खूण वर्गात नाही, मेसमध्ये दिसते. सकाळचा डबा संध्याकाळी भरलेलाच परत जातो. पहाटेपर्यंत मोबाइल, दुपारपर्यंत झोप. तास बुडाला, म्हणून उद्या जायची लाज. 'लवकर झोप' सांगून उपयोग नाही, झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. रविवारसुद्धा न सोडता सातला उठायचे, दुपारची डुलकी वीस मिनिटांची, संध्याकाळनंतर टपरीवरचा चहा बंद. आठ-पंधरा दिवसांत रात्र सहसा जागेवर येते.

पाच दिवस सलग गैरहजेरी दिसली की मेंटॉर शिक्षकाने फोन करावा, आणि आधी मुलालाच. पहिलाच फोन घरी गेला, तर तो पुन्हा तोंड उघडत नाही. 'कसा आहेस?'चे उत्तर 'ठीक आहे सर' हेच असते. काल काय जेवलास, किती वाजता झोपलास, शेवटचे मनमोकळे कुणाशी बोललास, असे विचारा. उदासी दोन आठवडे हटत नसेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात न्यावे. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये, आणि घरी कळवण्याची वेळ हीच.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षणही. एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा काम अडकवणे म्हणजे नेमणूक नव्हे. खोली प्राचार्यांच्या दालनासमोर आणि वेळ अकरा ते दोन, म्हणजे ऐन तासांची, जाणार कोण? ग्रंथालयाच्या बाजूची एखादी खोली आणि दुपारी चार ते साडेसहा ही वेळ चालेल.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तो वर्गांत, वसतिगृहांत ठळक लावायचाच आहे. पण फलकासमोर उभे राहून तो उतरवून घेताना चारजण बघतात. म्हणून ओळखपत्राच्या मागेही छापावा. पुढच्या सत्राची ओळखपत्रे छपाईला जाण्याआधी एवढे सहज जमेल.

— एक समुपदेशक, नागपूर