एमएसडब्ल्यू घरबसल्या, पण क्षेत्रकार्याचे काय?

मा. संपादक,
स. न.

नोकरी सांभाळून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करता येते, पण क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत वा वस्तीत जाऊन करायचे प्रत्यक्ष काम, घरी बसून होत नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या किमान २ वर्षांच्या अभ्यासक्रमातही ते सक्तीचे आहे.

प्रवेशाआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम आणि चालू सत्र, तिन्ही तपासावे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असूनही तो अभ्यासक्रम यादीत नसू शकतो. मग डीईबी आयडी, म्हणजे अशा प्रवेशासाठी लागणारा ओळख क्रमांक, काढावा. त्यासाठी आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक श्रेयांक खात्याचा क्रमांक) लागतो. अशी मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी यूजीसीच्या २०२० च्या विनियमांनुसार नियमित पदवीच्या तोडीची असते.

खरे घोडे अडते ते क्षेत्रकार्याच्या नोंदवहीपाशी. ‘आज वस्तीला भेट दिली’ एवढ्यावर भागत नाही. कोणाला भेटलो, रेशनकार्डावर सुनेचे नाव का नव्हते, अर्ज कुठे दिला, पुन्हा कधी जायचे, हे त्याच दिवशी लिहावे आणि पर्यवेक्षकाची सही वेळच्या वेळी घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत उतरवलेली वही लगेच ओळखू येते. क्षेत्रकार्यासाठी संस्था निवडतानाच तिथे समाजकार्याची पदवी असलेली व्यक्ती आहे का, हे विचारावे.

विद्यापीठांनी प्रवेशाबरोबरच जिल्हावार संस्था व पर्यवेक्षकांची यादी द्यावी. नाहीतर गडचिरोली, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी अशा संस्था कुठे शोधायच्या?

— क्षेत्रकार्य पर्यवेक्षक, नागपूर