जाळी धुवा, फिल्टर नको

ती. आई-बाबा,
सा. न.

हवेच्या प्युरिफायरवर लाल दिवा लागला म्हणून फिल्टर काढून नळाखाली धरू नका, हे आधी सांगते. बाकीचं पत्र सावकाश वाचा.

मागचं झाकण उघडलंत की बाहेरून आत तीन थर दिसतील. आधी नायलॉनची जाळी, मग बारीक घड्यांचा पांढरा हेपा, म्हणजे बारीक धूळ-धूर अडवणारा मुख्य फिल्टर, आणि त्याच्या आत वास शोषणारा काळा कार्बनचा थर. यातली धुवायची ती फक्त जाळी. हेपा दिसायला कागदासारखा असला तरी तो काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म तंतूंचा थर असतो. घरगुती मशीनमध्ये बहुधा प्लास्टिकचेच तंतू असतात, आणि त्यांच्यावर कारखान्यात विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण बरेचसे त्या भारामुळे चिकटतात. साबणपाणी लागलं की तो भार जातो, घड्या बसतात, आणि आत ओल राहिली तर बुरशी धरते. वाळल्यावर फिल्टर छान पांढरा दिसेल, पण धूर पूर्वीसारखा अडवणार नाही. आई, गॅलरीत झटकणंही नको. त्याने तंतू तुटतात आणि धूळ तुझ्याच नाकात जाते.

धुण्याची सगळी हौस जाळीवर भागवून घे. शेजारची सोसायटी पाडायचं काम चालू आहे तोवर दर आठ दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. पाडकामाची धूळ जाड असते आणि ती बरीचशी जाळीतच अडकते. जाळी तुंबली की पंखा घरघरतो, हवा मात्र कमी येते, आणि जी धूळ पुढे सरकते ती महागड्या हेपात जाऊन बसते. म्हणून आधी प्लग काढायचा, जाळी सोडवून कोरड्या ब्रशने झाडायची, मग साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुवायची. गरम पाणी नको, तारेची घासणी नको. सावलीत उभी करून रात्रभर वाळवा. दमट जाळी लावली तर दोन दिवसांत कुबट वास येतो आणि मग दोष मशीनला मिळतो.

आता तो लाल दिवा. बाबा, बहुतेक मशीनमध्ये तो फिल्टर तपासत नाही, चाललेले तास मोजतो. स्वच्छ हवेत तेवढे तास चाललं काय आणि फटाक्यांच्या धुरात चाललं काय, दिवा त्याच वेळी लागणार. म्हणून स्वतः बघा. जाळी धुऊन लावल्यावर पंखा सगळ्यात वरच्या वेगावर ठेवा आणि हवा बाहेर येते तिथे टिशू पेपरची पट्टी धरा. पट्टी ताठ उडाली तर हवा ठीक आहे. लोंबकळली तर हेपा भरलाय. नुसता राखाडी रंग बघून घाबरू नका, हेपाचं कामच मळायचं आहे. पण घड्यांच्या तळापर्यंत काळपट झाला असेल किंवा एखादी घडी फाटली असेल तर बदलाच. मी स्वतः तासांपेक्षा टिशूवर जास्त विश्वास ठेवते.

कार्बनचं गणित वेगळं. हवेचा जोर चांगला असूनही फोडणीचा, रंगाचा वास खोलीत रेंगाळत असेल तर हेपा भरलेला नाही, कार्बन संपलाय. उन्हात ठेवून तो पुन्हा ताजा होत नाही. कारखान्यात त्यासाठी शेकडो अंश तापमान लागतं, आपल्या गच्चीवरच्या उन्हाने फार तर त्यातला दमटपणा जाईल. डांबरगोळ्या, फिनाईल आणि डासांची कॉइल या तिन्ही गोष्टी फिल्टरचं आयुष्य खातात. मशीन बेडरूममध्ये आहे, तर निदान त्या कपाटातल्या डांबरगोळ्या काढा. देवापुढच्या उदबत्तीला कोण नाही म्हणणार, पण धूप घातला की अर्धा तास खिडकी उघडी ठेवा, मग मशीन लावा.

बाबांनी पाठवलेल्या लिंकवरचा निम्म्या किमतीचा फिल्टर मी पाहिला. त्यावर 'हेपा टाइप' लिहिलंय. त्या शब्दाला काही अर्थ नाही, तसं कुणीही छापू शकतं. एच १३ असा वर्ग लिहिलेला हवा. या वर्गाचा फिल्टर पकडायला सर्वात अवघड असलेल्या आकाराचे कणसुद्धा किमान ९९.९५% अडवतो. अमेरिकन पद्धतीने लिहिलं असेल तर ०.३ मायक्रॉनला ९९.९७% असं दिसेल, तेही चालेल. दुकानदार एच १४ गळ्यात मारू बघेल, तो घेऊ नका. दाट फिल्टरमधून हवा ओढायला जोरकस पंखा लागतो आणि तो आपल्या मशीनमध्ये नाही.

वर्गाइतकीच महत्त्वाची आहे ती चौकटीभोवतीची फोमची पट्टी. स्वस्त फिल्टरला ती नसते किंवा एका बाजूनेच असते. हवा नेहमी सोपी वाट धरते, दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी बरीच हवा न गाळता बाजूने निघून जाते, मग आत एच १३ असून उपयोग काय? कार्बन हाताने पारखा. जाळीच्या कप्प्यांत खडे भरलेले असतील आणि हलवल्यावर खुळखुळले तर चांगला. नुसतं काळं कापड असेल तर त्यात कार्बन नावालाच. काही मॉडेलमध्ये फिल्टरला चिप असते, ती नसेल तर मशीन कुरकुरतं. एकंदरीत हेपा कंपनीचाच घ्या, पैसे मी पाठवते. जाळी मात्र तुटली तर साधी चालेल.

बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी तशीच राहणं. मशीन चालतं, दिवा हिरवा असतो, आणि हवा मात्र गाळली जात नाही. पिशवी काढा, ओढायची पट्टी आपल्याकडे ठेवा, बाण असेल तर हवा ज्या दिशेने वाहते तिकडे त्याचं टोक करा, चारही कोपरे दाबा. झाकणाचा 'टक्' आवाज यायला हवा. मग रिसेटचं बटण पाच सेकंद दाबून धरा, नाहीतर लाल दिवा तसाच राहील. चौकटीवर मार्करने तारीख लिहा.

मशीनच्या बाजूच्या छोट्या खिडकीत धूळ मोजणारा सेन्सर आहे. दोन महिन्यांनी त्याचं भिंग कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा, नाहीतर हवा चांगली असून धुळीचा आकडा चढलेला दिसेल. आंघोळीची वाफसुद्धा त्याला धूळच वाटते.

अजून एक. बेडरूम १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर हवा. तासाला पाचदा गाळायची तर १६० घनमीटर लागते. तासाला किती हवा गाळते याचा मशीनवर छापलेला आकडा पूर्ण वेगाचा असतो, रात्रीच्या शांत मोडवर त्याचा लहानसा भागच मिळतो. म्हणून झोपण्याआधी तासभर दार लावून जोरात चालवा, मग आवाज कमी करा.

नवा फिल्टर दिवाळीची साफसफाई आणि हॉलचा रंग झाल्यावरच उघडा. जळमटं काढताना उडणारी धूळ आणि रंगाचा वास जुन्याच फिल्टरला पिऊ दे. तो काढताना मास्क लावा, गॅलरीत पिशवीत घालून तोंड बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या. त्याआधी मशीनच्या मागच्या लेबलचा फोटो मला पाठवा, मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरांसकट. त्या अक्षरांवरून फिल्टरचा आकार बदलतो.

तुमची,
मनू