मेल घेताना थंडरबर्ड अडकतो तेव्हा

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

‘गेट मेसेजेस’ दाबलं की तुझा मेलचा प्रोग्रॅम थंडरबर्ड हँग होतो आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, आता काढून पुन्हा टाकतो, असं तू लिहिलंस. तेवढं मात्र करू नकोस. काढल्यावर जातो तो नुसता प्रोग्रॅम. तुझी मेल वेगळ्या जागी, प्रोफाइलच्या (म्हणजे तुझ्या मेल आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या) फोल्डरमध्ये असते. दोष तिथे असेल तर नवा थंडरबर्ड तीच फाइल उघडेल आणि तसाच अडकेल.

आधी बॅकअप घे, बाकी सगळं त्यानंतर. ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघड. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’ अशी ओळ दिसेल, तिच्यापुढचं ‘ओपन फोल्डर’ दाब. मग थंडरबर्ड बंद कर, टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) त्याचं मागे काही उरलं नाही ना ते बघ आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही. तुझी इनबॉक्स फाइल तेवढी झाली असण्याची मला दाट शंका आहे.

ती फाइल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघच. प्रोफाइलमधल्या ‘मेल’ फोल्डरात तुझ्या सर्व्हरच्या, म्हणजे तुझी मेल जिथे येऊन पडते त्या कंपनीच्या कॉम्प्युटरच्या, नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल आणि शेजारी ‘इनबॉक्स.एमएसएफ’ अशी दुसरी छोटी फाइल दिसेल. पहिलीत सगळ्या मेल एकाखाली एक चिकटवलेल्या असतात, दुसरी म्हणजे तिची अनुक्रमणिका. तू मेल डिलीट करतोस तेव्हा तिच्यावर फक्त खूण होते. मजकूर आणि अटॅचमेंट त्या मोठ्या फाइलमध्ये तशीच पडून राहते. ‘कॉम्पॅक्ट’ केल्याशिवाय फाइल आक्रसत नाही. शिवाय अटॅचमेंट मेलमधून येताना अक्षरांच्या रूपात येते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. लग्नपत्रिकेची १५ एमबीची पीडीएफ तुझ्या इनबॉक्समध्ये २० एमबी जागा घेते. पाच दुरुस्त्या होऊन पाचदा आली की १०० एमबी. प्रेसच्या कामात इनबॉक्स फुगायला वेळ लागत नाही.

आता दोष फाइलमध्ये आहे की बाहेर, ते आधी ठरव. थंडरबर्ड बंद कर, वायफाय बंद कर आणि मग पुन्हा उघडून इनबॉक्सवर क्लिक कर. नेट नसतानाही अडकला, तर सर्व्हरचा काही संबंध नाही, बहुतेक फाइल किंवा अनुक्रमणिका बिघडली आहे. नेटशिवाय सुरळीत चालला आणि ‘गेट मेसेजेस’लाच अडकला, तर अँटीव्हायरस, एखादी अडकलेली मेल किंवा सर्व्हर, यांपैकी काहीतरी.

फाइलचा दोष निघाला तर इनबॉक्सवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. अनुक्रमणिका नव्याने बनते, मेलला धक्का लागत नाही. फाइल मोठी असेल तर बराच वेळ ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसेल. टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्डचा सीपीयू किंवा डिस्कचा आकडा हलत असेल तर काम चालू आहे, हात लावू नकोस. त्यानंतर जुन्या मेल वर्षावार फोल्डर करून त्यांत हलव, एका वेळी पाचशेच्या आसपास, आणि मग इनबॉक्सवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ कर. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड आधी नवी फाइल लिहितो आणि मग जुनी काढतो. म्हणून डिस्कवर निदान इनबॉक्सएवढी जागा मोकळी हवी, आणि मध्ये बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचा नाही.

आता अँटीव्हायरस. माझा सगळ्यात जास्त संशय याच्यावर आहे. प्रत्येक नवी मेल आली की ती त्या मोठ्या फाइलच्या शेवटी लिहिली जाते. फाइल बदलली म्हणून अँटीव्हायरस ती तपासायला धरून ठेवतो, आणि थंडरबर्ड पुढची मेल लिहायला ताटकळत बसतो. चाळीस मेल आल्या तर हे चाळीस वेळा. याहून वाईट म्हणजे एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला तर अँटीव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकू शकतो. म्हणून अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलचा फोल्डर वगळ आणि त्याचं ईमेल स्कॅनिंग बंद कर. बाकी संरक्षण चालूच ठेव. अटॅचमेंट उघडताना तिची तपासणी होतेच. शिवाय थंडरबर्डच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘अँटीव्हायरस’ असा भाग आहे, तिथली एकमेव टिक लाव. मग प्रत्येक मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरते आणि तपासून झाल्यावर इनबॉक्समध्ये जाते.

तरीही अडकला तर खालच्या पट्टीकडे नीट बघ. एकेचाळीसपैकी तिसरी मेल उतरते आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे येते. प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर थांबत असेल तर ती एक मेलच आडवी आली आहे, बहुतेक भली मोठी किंवा अर्धवट पोचलेली. ब्राउझरमधून वेबमेल उघड, ती शोध, अटॅचमेंट तिथूनच उतरवून घे आणि मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव. तुझं खातं पॉप पद्धतीचं, म्हणजे सर्व्हरवरची मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं आहे आणि पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, त्यामुळे वाट लगेच मोकळी होते.

पॉपचंच आणखी एक. एका वेळी एकच जण सर्व्हरवरची पेटी उघडू शकतो, दुसऱ्याला ती कुलूपबंद मिळते. तुझ्या फोनवरही हेच खातं पॉपने लावलं असेल तर दोघांची टक्कर होते. आणि अडकला म्हणून तू टास्क मॅनेजरमधून थंडरबर्ड मारतोस, तेव्हा सर्व्हरला रीतसर निरोप मिळत नाही, कुलूप काही वेळ तसंच राहू शकतं. गप्प बसलेलं कनेक्शन तोडण्याआधी सर्व्हरने निदान १० मिनिटं थांबावं, असं पॉपच्या १९९६च्या नियमातच आहे. म्हणून मारल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न केलास तर पुन्हा नकार मिळू शकतो. त्याच मेल दोन-दोनदा येतात ना, त्याचंही मूळ बहुतेक हेच: व्यवहार अर्धवट तुटला की उतरलेल्या मेलची नोंद पूर्ण होत नाही. मारावाच लागला तर पंधरा मिनिटं थांब. आपोआप तपासणी दर मिनिटाला ठेवली असशील तर ‘अकाउंट सेटिंग्ज’मधल्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ती १० मिनिटांवर आण.

तिथेच ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ आहे. ती टिक असेल आणि मुदत घातलेली नसेल, तर सर्व्हरवर वर्षानुवर्षांच्या मेल साठल्या असतील आणि दर तपासणीला त्या सगळ्यांची यादी मागवली जात असेल. १४ दिवसांची मुदत घाल. पण बॅकअप हातात असल्याशिवाय नको, कारण मुदत घातली की सर्व्हरवरच्या जुन्या मेल खरोखर पुसल्या जातात.

यातल्या कशानेच फरक पडला नाही तर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू कर. तसा तो ट्रबलशूट मोडमध्ये उघडतो आणि त्यात अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जास्तीच्या सोयी, बंद असतात. तसा नीट चालला तर ते एकेक करून काढून बघ.

आज प्रेस बंद झाल्यावर बॅकअप आणि वायफायची परीक्षा, एवढं उरकून घे. इनबॉक्स फाइल किती जीबी भरली आणि खालच्या पट्टीतला आकडा कुठे थांबला, ते दोन्ही मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय