भांडण तालमीतच मिटवा, पण पडदे विकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळा झाला, रोवणी कधीच आटोपली, आता गावोगावी मंडईच्या (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकाची बोलणी सुरू होतील म्हणून हे पत्र आत्ताच लिहून राहिलो. जमलं तर दिवाळीच्या आधी छापा, नंतर छापून उपयोग नाही.

मागच्या वर्षी धान कापणीच्या टायमाला पाऊस आला त्या दिवशी मी चुलबंदच्या पलीकडे एका गावात सोयऱ्याकडे होतो. लोकं धावत धावत पुंजण्यावर (कापलेल्या धानाच्या ढिगांवर) ताडपत्र्या टाकत होते. एका बांधीत ताडपत्री पुरली नाही म्हणून घरून जे आणून टाकलं ते पाहून मी पावसात तसाच उभा राहिलो. नाटकाचा पडदा होता तो. राजवाड्याचा. लाल खांब, मधात सिंहासन, वर झुंबर, आणि खालच्या कोपऱ्यात पेंटरने बारीक अक्षरात मंडळाचं नाव आणि 1987 साल टाकलेलं. पाण्याने झुंबराचा पिवळा रंग खाली खांबावर उतरत होता. सोयऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मंडळ आता कोठी आहे जी, सा वर्सं झाले बंद होऊन." कशावरून बंद पडलं म्हटलं, तर पॉम्प्लेटवर कोणाचं नाव आधी यावरून. दोन भावकीतले दोघं, एक हिरो एक व्हिलन, दोघंही चांगले नट, मी त्यांचं काम पाहिलेलं आहे. नाव खाली आलं म्हणून एक जण रंगीत तालमीला आला नाही, दुसऱ्याने म्हटलं नाही आला तर नाही आला, आणि त्या वर्षी गावाने पहिल्यांदा वडशाची कंपनी, म्हणजे पैसे घेऊन नाटक करणारी मंडळी, आणली. ते मंडळ परत काही बसलं नाही.

आपल्या पेपरमध्ये झाडीपट्टी रंगभूमीबद्दल, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या नाटकांबद्दल, बातम्या येतात त्या मी आवडीने वाचतो. 2023 ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या मंडळाने पेढे वाटले होते, 5000 च्या वर प्रयोग आणि 800 भूमिका केलेला माणूस कुरखेडा तालुक्यातला, आपल्याच मातीतला, याचा आनंद वेगळाच असतो. पण बातम्या येतात त्या कंपन्यांच्या. वडशाला कोणाचं ऑफिस उघडलं, कोणाच्या किती तारखा बुक झाल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत गावाची स्वतःची मंडळं होती आणि थोडीफार अजून आहेत, जिथे धान कापून आलेला माणूस रात्री जेवण करून तालमीला येतो आणि एक रुपया घेत नाही, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. ही मंडळं एक एक करून बंद पडून राहिली आहेत. टीव्ही आला म्हणून पडली, मोबाईल आला म्हणून पडली असं लोकं म्हणतात. मी आमच्या आजूबाजूची चार मंडळं बंद पडताना पाहिली, चारही आपसातल्या भांडणाने पडली. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, 2014 ला सुप्रीम कोर्टाने बंदी आणली तेव्हा मंडई संपली असं सगळे म्हणत होते, पण नाटकं चालूच राहिली आणि 2021 च्या डिसेंबरात पटालाही परत परवानगी मिळाली. जे कोर्टाने बंद केलं ते कोर्टाने चालू केलं. मंडळ आपण बंद केलं तर ते कोणत्या कोर्टात चालू करून आणायचं?

आता आमचं सांगतो. आमच्या मंडळात 16 जण आहेत. बहुतेक शेतकरी, एक पानठेलावाला, एक आयटीआय झालेला पोरगा जो नाटक बसवतो, एक आशा वर्कर ताई, एक बचत गटाच्या अध्यक्ष बाई, आणि सत्तरी ओलांडलेले पेटीमास्तर. कंपनीत मालक असते, नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, त्याच्या हातात असते, तो म्हणेल तसं नटाला करावं लागते. आमच्यात पैसाच नाही त्यामुळे कोणाला ऑर्डर देता येत नाही आणि कोणाला काढताही येत नाही, राग आला की माणूस सरळ घरी बसतो आणि त्याच्याजागी दुसरा गावात सापडत नाही. हे ज्याला समजलं नाही त्याने असं मंडळ चालवायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन वर्षांआधी आमचंही मंडळ फुटायला आलं होतं. नाटक रात्री दहाला सुरू होऊन सकाळचे साडेपाच वाजायचे, शेवटच्या अंकाला पोरं झोपलेली, बाया उठून सडा टाकायला गेलेल्या. म्हणून दिग्दर्शक पोराने ठरवलं की नऊपैकी तीन गाणी कापायची. तालमीत त्याने ते सगळ्यांसमोर जाहीर केलं, मास्तरांना आधी विचारलं नाही. मास्तर काही बोलले नाही. अंक संपेपर्यंत त्यांनी वाजवलं, मग पेटीचं झाकण लावलं, वरून टॉवेल बांधला आणि म्हणाले, "गाने कापाचे असन तं मंग माही पेटी तुमाले कायले पायजे?" आणि पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून पेटी मांडीवर घेऊन निघून गेले. मी सचिव, मी तिथंच होतो. मी अडवलं नाही, उलट मनात म्हटलं की पोराचं बरोबरच आहे. हे माझं चुकलं.

त्यानंतर जे झालं ते ग्रुपवर झालं. रात्री अकरा वाजता एकाने टाकलं की ज्याला जमत नाही त्याने सोडून द्यावं, नाटक कोणासाठी थांबत नाही. त्याच्यावर दोघांनी अंगठे दिले, चौघं ग्रुप सोडून गेले, एकाने जुन्या वर्षाच्या वर्गणीचं काढलं जिचा गाण्याशी काही संबंधच नव्हता. मास्तरांकडे तर साधा बटणाचा फोन आहे. त्यांना हे सगळं पुतण्याने वाचून दाखवलं आणि वाचताना त्याने दोन शब्द आपले लावले असतील नसतील ते त्यालाच माहीत. समोरासमोर चटईवर बसून जो माणूस "मास्तर, जरा ऐका ना जी" म्हणतो तोच मोबाईलवर रात्री असं लिहितो, हे मी तेव्हा पाहिलं. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर फक्त तालमीचा टाइम आणि कोण येणार नाही एवढंच टाकायचं, बाकी काही टाकलं तर मी काढून टाकतो, आणि लोकांनी ते मानलं.

पाचव्या दिवशी मी आणि बचत गटाच्या बाई मास्तरांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसून पेटीचे सूर काढून एकेक ब्रशने साफ करत होते, पोतं अंथरून त्यावर ओळीने मांडलेले. म्हणजे पेटी विकायची नव्हती त्यांना. मी काही समजावायला लागणार तेवढ्यात बाईंनी मला थांबवलं आणि एकच विचारलं, "मास्तर, तीन्ही गान्याचं दुखते का कोन्या एकाचं?" मास्तर बराच वेळ ब्रश मारत राहिले. मग म्हणाले, दोन कापा, त्यातल्या एकाची चाल मलाच आवडत नाही, पण आईच्या प्रवेशातलं ठेवा, ती चाल माझ्या गुरूची आहे, त्यांनी मला दंडारीत (आपल्याकडच्या जुन्या लोकनाट्यात) शिकवली, ती चाल आता वाजवणारा मीच राहिलो. संपादक साहेब, पाच दिवस सोळा माणसं तीन गाण्यांसाठी भांडत होते आणि भांडण एका गाण्याचं होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

तरी त्या एका गाण्याचा प्रश्न उरलाच, कारण पोराचंही म्हणणं खोटं नव्हतं, तो प्रवेश खरंच लांबत होता. दोघांपैकी एकाची बाजू घेऊन मी निर्णय दिला असता तर दुसरा मनातून गेलाच असता. मग आम्ही असं केलं की बचत गटाची मीटिंग होती त्या दिवशी समाज मंदिरात बारा-तेरा बाया होत्या, त्यांना बसवलं आणि तोच प्रवेश दोनदा करून दाखवला, एकदा गाण्याशिवाय आणि एकदा पूर्ण गाण्यासहित. गाणं नव्हतं तेव्हा प्रवेश भरभर गेला आणि कोणाला काही लागलं नाही. गाणं आलं तसं ध्रुवपदालाच दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. पण दुसऱ्या कडव्याला मागच्या बाया आपसात बोलायला लागल्या, ते पोरानेही पाहिलं आणि मास्तरांनीही पेटीवरून मान वर करून पाहिलं. कोणी काही म्हणायच्या आधी मास्तरच म्हणाले, "एकच कडवं ठेव रे, दुसरं मी घरी वाजवीन." पोरगा उठून त्यांच्या पाया पडला. त्या वर्षी नाटक साडेचारला संपलं आणि शेवटच्या अंकाला माणसं होती.

यातून जे शिकलो ते आम्ही कागदावर आणलं, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. मंडळ नोंदवायला सात जण लागतात, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळं घटनेत लिहावं लागते, आमचंही लिहिलेलं आहे, पण तिसऱ्या अंकातलं गाणं कोणी कापायचं हे त्या घटनेत कुठेच नाही आणि भांडण तर नेमकं तिथंच होते. म्हणून पुठ्ठ्यावर लिहून समाज मंदिरात लावलं: प्रवेश कसा बसवायचा यात शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा, सूर आणि चाल मास्तरांची, दिग्दर्शकाला गाणं कापायचं असेल तर आधी मास्तरांच्या घरी जाऊन सांगायचं, तारीख आणि पैसा माझ्याकडे. पॉम्प्लेटवर नावं कशी टाकायची तेही ठरवून टाकलं, स्टेजवर जो आधी येईल त्याचं नाव आधी, मग तो द्वारपाल का असेना. पहिल्या वर्षी हिरोला ते थोडं लागलं, कारण त्याची एंट्री चौथी होती. पण नियम सगळ्यांसमोर आधी ठरलेला होता, त्यामुळे त्याला तो आपला अपमान वाटला नाही.

आणखी एक गोष्ट फार कामी आली. जो माणूस तालमीला हजर नाही त्याच्याबद्दलचा वाद त्या दिवशी काढायचाच नाही, तो येईपर्यंत ठेवायचा. यात कधी कधी आठ-आठ दिवस जातात, काम अडते, चिडचिड होते, तरी मी तेच करतो. हिशोबाचं लांब सांगत नाही, मंडई झाल्यावर तिसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लिहायचा, मंडप किती, लाईट-साऊंड किती, बाहेरून आणलेल्या लेडीज कलाकारांचं मानधन किती, उरले किती, बस. आणि ग्रामपंचायतची निवडणूक असेल त्या वर्षी निकाल लागल्याशिवाय तालीम सुरू करू नका, हे मात्र कळकळीने सांगतो.

सगळंच सुटलं असं नाही. आमचा एक पोरगा, फार गोड गळ्याचा, भूमिका वाटपात नाराज होऊन गेला तो गेलाच. त्याला मोठी भूमिका पाहिजे होती आणि त्याच्यात ती करायची ताकद होती, पण त्या वर्षी दुसऱ्याचा नंबर होता असं आम्ही ठरवलं. आता तो कंपनीत काम करते, चांगलं करते. दरवर्षी आमचं नाटक पाहायला येते, मागे उभा राहते, चहा पिऊन जाते. त्याला थांबवता आलं असतं का, हे माझ्या मनातून अजून जात नाही. वाद सगळे समोरासमोर मिटतात असं मी म्हणत नाही, काही माणसं तरीही जातात, पण जाताना त्याच्याशी बोललेलो असलो तर तो निदान नाटक पाहायला तरी येते.

आपल्याला विनंती अशी की कंपन्यांच्या बातम्यांसोबत गावाच्या मंडळांचीही बातमी द्या, बातमीदाराला एखाद्या रात्री तालमीला पाठवा, प्रयोगाला नको, तालमीला. आणि ज्या गावात मंडळ बंद पडलं आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की पडदे, पेटी, मुकुट, तलवारी भंगारात किंवा डेकोरेशनवाल्याला देऊ नका. जुन्या माणसांना एकत्र बसवा, कशाचं दुखलं होतं ते एकेकाला विचारा, सहा वर्षांनी कदाचित त्यांना सांगताही येईल.

त्या पडद्याचं राहिलं. पाऊस थांबल्यावर मी त्या बांधीवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, भाऊ, हा पडदा तुमच्या काही कामाचा नाही, आमच्या मंडळाला द्या, तुम्हाला नवी ताडपत्री घेऊन देतो. तो नाही म्हणाला. मी पैसे देतो म्हटलं तरी नाही म्हणाला. "इकाचा नाही जी तो," म्हणे, "मंडळाचा आहे." दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं तर त्याने तो पडदा कुंपणावर वाळत घातला होता, राजवाड्याची बाजू वर करून.

आपला,
एका गावच्या नाट्य मंडळाचा सचिव
ता. लाखांदूर, जि. भंडारा
(मंडळातल्या लोकांच्या गोष्टी लिहिल्या आहेत म्हणून नाव छापू नये ही विनंती.)