पुण्याच्या तपकीर गल्लीत भेटलेल्या काकूंना, मॅटबद्दल थँक्यू

काकू, टेबल लागलं एकदाचं! इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची अँटिस्टॅटिक मॅट अंथरली, तिची अर्थची वायर जोडली, आणि काल त्यावर पहिला रेडिओ उघडला पण. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, नंबर तर लांबच, म्हणून हे असं जाहीर लिहितेय. नातवाच्या रोबोटिक्सच्या किटसाठी छोट्या मोटारी घ्यायला आला होतात आणि शेजारी एक बाई दुकानदाराला ती निळी सिलिकॉनची, स्क्रू ठेवायला कप्पे असलेली मॅट दाखवा म्हणत होती, आठवतंय का? ती मी.

तुम्ही मध्येच विचारलंत, "टेबलावर करतेस काय गं?" खरं सांगू, हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता, सगळे डायरेक्ट कुठली मॅट बेस्ट यावरच येतात. मी म्हटलं जुने रेडिओ दुरुस्त करते, ट्रान्झिस्टरचे पण आणि जुन्या काचेच्या वाल्व्हचे पण, शिवाय हल्ली ईएसपी ३२ वगैरे प्रोग्राम करायच्या छोट्या बोर्डांवर काहीबाही चालू असतं, आणि रेडिओच्या पुढचं जाळीचं कापड कापून बसवायचं कामही तिथंच. तुम्ही हसलात आणि म्हणालात, मग ही एकच मॅट घेऊन तुझं भागायचं नाही.

सिलिकॉनचं तुम्ही जे सांगितलंत ते घरी येऊन ताडून पाहिलं. बॉक्सवर ५०० डिग्री छापलेलं असतं ते थोडा वेळ टेकलं तर, कायम सोसायची ताकद साधारण २०० ते २३० डिग्रीच. आपली बिट, म्हणजे सोल्डरिंगचं गरम टोक, साडेतीनशेच्या आसपास असते, म्हणजे चुकून टेकली तर चालतंय, वितळलेलं सोल्डर सांडलं तर अलगद उचलून निघतं, सुपरग्लू पण चिकटत नाही, ही सगळी तिची पुण्याई. पण सिलिकॉन पक्कं इन्शुलेटर, घासलं की स्टॅटिक चार्ज धरून बसतं, आणि तो चार्ज जायला वाटच नसते. घरातला कापूस, केस, धूळ सगळं त्यावर येऊन बसतं ते वेगळंच. शिवाय कटर लागला की फाटतं. आयसी आणि मॉसफेट अशा, चार्जने बिघडणाऱ्या नाजूक पार्टच्या कामाला ही मॅट नको हे तुमचं म्हणणं आता पटलं.

मग तुम्ही दुकानदाराला रोल काढायला लावलात आणि मला कड बघायला सांगितलीत. वर हिरवा पातळ थर, खाली काळा, कापलेल्या कडेला दोन्ही रंग स्वच्छ दिसले पाहिजेत. वरचा थर चार्ज हळूहळू सोडणारा, खालचा तो पटकन अर्थकडे वाहून नेणारा. बाहेर अँटिस्टॅटिक म्हणून नुसतं हिरवं रबर पण खपवतात आणि नुसत्या रंगावरून काही कळत नाही. आणि ते मीटरचं सांगितलंत ना, ते तर बरंच झालं! मॅटच्या वरच्या बाजूला साध्या मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब टेकवले की डिस्प्लेवर नुसता '१' येतो, रेंजबाहेर. माझा भाऊ लगेच म्हणाला फसवलं तुला, यात करंटच जात नाही. अरे बाबा, हिचा रेझिस्टन्स १० लाख ओहमपासून १०० कोटी ओहमपर्यंत कुठंही असू शकतो, आपला मीटर २ कोटीच्या पुढे बघतच नाही, त्याला काय दिसणार! हे आधीच माहीत होतं म्हणून मी मॅट परत करायला धावले नाही.

पण माझ्या मते तुम्ही सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मॅटची नव्हतीच. "मॅट आज घेऊ नकोस, आधी घरचं सॉकेट तपास." दुकानात उभं राहून दुकानदारासमोर गिऱ्हाइकाला असं सांगायला हिंमत लागते हो. वर म्हणालात, अर्थिंग नसेल तर ही मॅट म्हणजे महागडा टेबलक्लॉथ. मी घरी गेले, मीटर एसीच्या ७५० च्या रेंजवर टाकला आणि बघितलं. फेज न्यूट्रल २३० च्या आसपास, ते ठीक. फेज आणि वरचं मोठं, अर्थचं भोक, तिथंही तितकंच यायला हवं होतं, तर आकडा साठ सत्तरवर नुसता तरंगतोय. आमचं घर पेठेतलं, जुनी बिल्डिंग, बोर्ड नवीन, चकचकीत मॉड्युलर, थ्री पिन सॉकेट, आणि आत तिसऱ्या पिनेला वायरच नाही. इतकी वर्षं फ्रिज, मशीन, सगळं असंच चाललेलं. म्हणजे मॅट राहिली बाजूला, घरातला खरा धोका तुमच्यामुळे सापडला.

वायरमन आला तो आधी म्हणाला ताई न्यूट्रलमधून छोटा जंपर मारतो, मीटरला ओके दिसेल. तुम्ही सावध केलं होतंत म्हणून मी ठाम नाही म्हटलं. न्यूट्रल कुठं तुटली तर तोच जंपर फ्रिजच्या बॉडीवर आणि माझ्या मॅटवर २३० व्होल्ट आणून ठेवेल. मीटरवर ही चलाखी कळणं अवघड, न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोड चालू असताना सुद्धा चक्क शून्य दिसलं तर संशय घ्यावा एवढंच. शेवटी खालच्या मीटररूममधून वेगळी हिरवी वायर वर ओढली, थोडी कटकट झाली, सोसायटीतल्या एक दोघांनी भुवया उंचावल्या, आणि आता त्याच दोघांनी वायरमनचा नंबर मागून घेतलाय.

मग परत जाऊन मॅट घेतली, टेबलाच्या मापाची कापून. कोपऱ्यात टिचबटण बसवून दिलं, त्याला प्लगच्या अर्थच्या पिनेकडे जाणारी वायर, वायरमध्ये १ मेगओहमचा, म्हणजे १० लाख ओहमचा रेझिस्टर. अंगातला चार्ज अर्थला सोडायला मनगटाला घालतात त्या बँडच्या वायरमध्येही तेवढाच. हा कशाला ते मी भावाला हिशोब मांडून दाखवलं: समजा चुकून एका हाताला २३० व्होल्ट लागलेच, तर मधे १० लाख ओहम असल्यामुळे बँडमधून जाणारा करंट पाव मिलीअँपच्या आतच राहतो, आणि माणसाला झिणझिण्या जाणवायलाच साधारण अर्धा ते एक मिलीअँप लागतो. तो गप्प झाला. म्हणून नुसती तांब्याची वायर मनगटाला गुंडाळून पाइपला बांधायचे उद्योग करू नयेत, हे तुमचं वाक्य मी पुढे चार लोकांना ऐकवलंय.

आणि वाल्व्हचं! हे मला कुणीच सांगितलं नसतं. वाल्व्हचा सेट चालू ठेवून तपासायचा असेल तर बँड काढायचा आणि ती हिरवी मॅट पण नको, कारण आत अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असतं, आणि जुन्या एसी डीसी सेटना ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडाच थेट मेन्सला, म्हणजे पिन उलटी लागली की अख्खा पत्रा जिवंत. अशा वेळी आपण स्वतःच अर्थला बांधलेलं असणं म्हणजे आ बैल मुझे मार. त्या कामासाठी मी दुसरा कोपरा केलाय, खाली कोरडी लाकडी फळी, पायाखाली इलेक्ट्रिक पॅनेलसमोर टाकतात ती आयएस १५६५२ लिहिलेली इन्शुलेटिंग मॅट, आणि एक हात शक्यतो खिशात.

भाऊ अजून म्हणतो मी आयुष्यभर वर्तमानपत्रावर सोल्डरिंग केलं, काही उडालं नाही. गंमत म्हणजे स्टॅटिकच्या बाबतीत कागद तसा गरीबच, प्लास्टिकपेक्षा तर बराच बरा, बिट टेकली की भोक पडतं हा भाग सोडा. पण त्याचं काम सगळं पावसाळ्यात आणि जाड ट्रान्झिस्टरवर. पुण्यात डिसेंबर जानेवारीत हवा कोरडी पडते, स्वेटर काढताना चट चट आवाज येतो, तो चटका आपल्याला जाणवायलाच साधारण ३००० व्होल्ट लागतात, आणि नाजूक पार्ट शंभराच्या आतच जखमी होऊ शकतात. आपल्याला कळत पण नाही. बरं, तो लगेच मरतही नाही, महिन्यांनी दगा देतो आणि आपण सोल्डरिंगला नावं ठेवत बसतो. तुम्ही भोसरीच्या कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवरचं सांगितलंत, सकाळी बँड टेस्टरवर हात दाबून हिरवा दिवा लागल्याशिवाय जागेवर बसूच देत नसत म्हणून, ते मला फार आवडलं. मी पण रोज बसण्याआधी मीटर लावते, टिचबटणापासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत १ मेगओहम दिसला की काम सुरू.

कापडाच्या कामाला ए३ ची पीव्हीसी कटिंग मॅट घेतलीय, ती काम झालं की उचलून कपाटामागे सपाट, कारण आमच्या खिडकीत पश्चिमेचं ऊन येतं आणि एप्रिलमध्ये ती पापडासारखी वाकडी होईल. गरम बिट तिच्या आसपास पण नाही. पीव्हीसी जळलं की जो वास येतो तो फुकट घ्यायचा नाही. आणि हो, सिलिकॉनची पण एक छोटी घेतली शेवटी, हीट गनच्या कामाला, बोर्डांपासून लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, रागावू नका. चहाचा कप मॅटवर येत नाही. ६० ४० च्या सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते बोटांवरून बिस्किटावर जातं, म्हणून उठलं की आधी साबणाने हात. पुसायला सौम्य साबणाचं पाणी, फ्लक्सचे, म्हणजे सोल्डरसोबतच्या चिकट रसायनाचे डाग पडले तर थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). काच पुसायचा चकचकीत स्प्रे वापरत नाही, त्याचा थर बसला की मॅट काम करेनाशी होते म्हणालात ना.

आता एकच अडलंय. रोलमधून काढलेली असल्यामुळे पुढचे दोन्ही कोपरे अजून वर उचलले जातात, वर जाड पुस्तकं ठेवून पाहिली, दुपारी उन्हात नीट बसतात आणि सकाळी परत वर. खाली डबल टेप लावली तर खालचा काळा थर बिघडेल का? की कोपरे टेबलाच्या कडेवरून खाली दुमडून पट्टी मारू? हे वाचलंत तर तेवढं सांगा, तोवर पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा ठेवून भागवतेय.