अजनीहून परत आलेला डबा

धरमपेठ, नागपूर

चि. मुक्तास आईचे अनेक आशीर्वाद.

अजनीला गाडी हलेपर्यंत तू माझ्याकडे पाहिले नाहीस आणि संत्रा बर्फीचा डबा माझ्याबरोबरच घरी परत आला.

पाडव्याच्या रात्री तू म्हणालीस की अनिकेत आणि तू, एकमेकांना सांगून आणि एकमेकांच्या संमतीने, आणखी कोणावरही प्रेम करू शकता, आणि हा निर्णय नसून तुझी ओळख आहे. माझा आवाज चढला तो ‘ओळख’ या शब्दावर. तीस वर्षे मी मानसशास्त्राच्या वर्गात हाच शब्द शिकवला. जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली मांडलेल्या ओळखीच्या अवस्थांपैकी एक अशी, की माणूस स्वतः शोध न घेताच दुसऱ्याने दिलेली ओळख पक्की करून टाकतो. तू हे शोधलेस, की अनिकेतला गमावण्याच्या भीतीने होकार दिलास, एवढेच मला विचारायचे होते.

वर्गात या अवस्थेसाठी मी वडिलांचे दुकान चालवणाऱ्या मुलाचे उदाहरण देत असे. एकविसाव्या वर्षी महाल भागातल्या वाड्यात तुझ्या बाबांना दहा मिनिटे पाहून ठरलेले माझे लग्न मी कधी सांगितले नाही.

बाबा वकिलासारखेच बोलले: व्यभिचाराचे ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द केले आहे. मग ते फुटाळा तलावापर्यंत एकटेच चालून आले.

निर्णय चुकला तर बदलता येतो, पण ओळख म्हणून जाहीर केलेली गोष्ट सोडताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते. म्हणून मत्सर वाटला तर तो बोलून दाखव, आणि ठरवलेले नियम बदलण्याचा हक्क दोघांनीही राखून ठेवा. हे व्याख्यानच झाले, क्षमा कर. पण चौथीत असताना तू मिनूला सायकल देऊन टाकलीस, ‘मला नकोच होती’ असे सगळ्यांना सांगितलेस आणि टाकीमागे जाऊन रडलीस, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते. तेव्हा तुला हवे होते का, हे मी विचारले नाही.

आपल्या घरात इतके खरे समोर बसून आजवर कोणी सांगितलेले नाही. मला त्याचा अभिमान वाटतो, हे त्या रात्रीच सांगायला हवे होते.

डबा उद्या कुरिअरने पाठवते. तो दोघांसाठी आहे. तुला हे खरेच हवे आहे का, एवढे एका ओळीत लिही. लिहावेसे वाटले नाही, तर डबा मिळाल्याचे तरी कळव.

तुझी,
आई