प्लंबरइतकेच पैसे

बॉब वेस्टन आणि टॉड ट्रेनर,

सप्रेम नमस्कार.

शेलॅक या अमेरिकन बँडमध्ये बास आणि ड्रम्स वाजवणारे तुम्ही दोघं. पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुमच्या हाती पडण्याची शक्यता कमीच. तरी उघडपणे लिहितेय, कारण ज्यांनी हे वाचायला हवं ती मंडळी इथे मुंबई-पुण्यातच आहेत.

मी बास वाजवते. डोंबिवलीत आमचा तिघांचा बँड आहे. नॉइज रॉक वाजवतो. गिटारचा कर्कशपणा झाकायचा नाही, गोडवा आणण्यासाठी काही चढवायचं नाही, बास आणि ड्रम्सनी ठोका घट्ट धरून ठेवायचा. हे संगीत ऐकायला आमच्याकडे एखादी खोली भरेल एवढी माणसं येतात आणि तेवढी आम्हाला पुरतात. पण एवढ्याशा खोलीतही फसवणूक किती मावते ते आम्ही पाहिलंय. एका आयोजकाने भर कार्यक्रमानंतर सांगितलं की पैशांचं नंतर बघू, एक्सपोजर तर मिळालंच ना. एका कंपनीने आमचं पहिलं रेकॉर्डिंग 'सांभाळायला' म्हणून घेतलं, त्याचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, आजही आमच्याकडे नाहीत. कागदावर सह्या आमच्याच होत्या, हे ते फार प्रेमाने ऐकवतात.

त्या दिवसांत मी स्टीव्ह अल्बिनी यांचं ते 1992 चं पत्र वाचलं. ते तुमच्या बँडचे गिटारवादक, आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्ड रेकॉर्ड करून देणं हे त्यांचं काम. 'निर्वाणा' या अमेरिकन बँडचा पुढचा अल्बम रेकॉर्ड करण्याबद्दल त्यांनी बँडला लिहिलेलं, चार पानी. त्यात ते स्पष्ट सांगतात की मला रॉयल्टी नको, विक्रीतला टक्का घेणं मला नीतीला धरून वाटत नाही. मला प्लंबरसारखे पैसे द्या. मी काम करतो, त्या कामाचं जे मोल असेल ते तुम्ही द्या.

माझे बाबा प्लंबर आहेत.

मी ते पत्र त्यांना रात्री जेवताना मराठीत सांगत गेले. तोवर माझं वाजवणं म्हणजे त्यांच्या लेखी पोरीचा नाद होता. रागावायचे नाहीत, पण कुणी विचारलं तर विषय बदलायचे. मी सांगितलं की जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडने बोलावलेला माणूस टक्केवारी नाकारतो. ती रेकॉर्ड लाखोंनी खपणार हे सगळ्यांना दिसत होतं, तरी त्याने एक लाख डॉलर घेतले आणि हिशेब मिटवला. बाबा घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, ''बरोबर आहे. नळ मी बसवला म्हणून काय त्यांच्या प्रत्येक बादलीवर पैसे मागू?'' आणि थोड्या वेळाने, ''पण कामाचे मात्र त्याच दिवशी घ्यायचे. तुमचे त्या माणसाने दिले का?''

माझ्या वाजवण्याला त्यांनी काम म्हटलं ते त्या रात्री पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात ते स्वतः माझ्याबरोबर त्या आयोजकाकडे आले. दारात उभे राहिले, आवाज चढवला नाही. पैसे मिळाले. मिळाले नसते तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

शिकागोत बसलेल्या माणसाने आपल्या हुनराची तुलना कुणाशी करायची ठरवली, तर तो कलावंतांकडे गेला नाही, घरोघरी पाइप जोडणाऱ्याकडे गेला. एका ओळीची गोष्ट. त्या ओळीने आमच्या घरात जे झालं ते माझ्या कुठल्याही गाण्याने झालं नव्हतं.

बॉब, निर्वाणाच्या त्या रेकॉर्डिंगला तुम्ही मिनेसोटाच्या पॅकिडर्म स्टुडिओत स्टीव्हबरोबर होतात. आणि शेलॅक तर तुम्हा तिघांचा. तीस वर्षांहून जास्त काळ तो जसा चालवलात, तसाच आम्ही आमचा चालवायला बघतो. तुमच्या रेकॉर्ड काढणाऱ्या टच अँड गो या कंपनीशी लेखी करार नाही, शब्दावर व्यवहार, खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा. पोट भरायला प्रत्येकाचं वेगळं काम. त्यामुळे बँडवर पोटाचं ओझं नाही आणि कुणाची मर्जी राखण्यासाठी गाणं वाकवायची वेळ नाही. 2000 नंतरचा अल्बम यायला 2007 उजाडलं, त्यापुढचा 2014 ला. टॉड, 2007 च्या अल्बमला नाव तुमच्या इटालियन ग्रेहाउंड कुत्र्यावरून! घाई करा असं म्हणणारा कुणी साहेबच तुमच्या डोक्यावर नव्हता. आमच्याकडे सहा महिने काही टाकलं नाही की 'बंद पडलात का' म्हणून विचारतात.

आणखी एक मला फार आवडतं. 1997 मध्ये तुम्ही एक रेकॉर्ड काढलीत, विकायला नाहीच. मित्रमंडळींना वाटली. सगळ्यांची नावं कव्हरवर छापलेली, आणि ज्याला ती प्रत द्यायची त्याच्या नावाभोवती गोल. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरात विभागाला जन्मात सुचणार नाही असली माया आहे ही.

स्टीव्ह लहानपणापासूनच असे भले होते असं मी म्हणत नाही. बिग ब्लॅक या त्यांच्या आधीच्या बँडच्या काळात त्यांनी जे बोललं-लिहिलं, त्यातलं बरंच दुखावणारं होतं. पण उतारवयात त्यांनी ते जाहीरपणे मान्य केलं, सबबी न सांगता. मोठं नाव झालेल्या माणसाला हे जमत नाही. त्यांना जमलं. स्वतःच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत फोन स्वतः उचलणारा, 'निर्माता' म्हणवून घ्यायला नकार देणारा, कव्हरवर फक्त 'रेकॉर्ड केलं' एवढंच लिहा म्हणणारा, आणि नावाजलेल्या बँडइतक्याच मनापासून कुणालाही माहीत नसलेल्या पोरांचं काम करणारा माणूस. दर नाताळात पत्नी हेदर व्हिना यांच्याबरोबर शिकागोतल्या गरीब घरांपर्यंत मदत पोचवणारा माणूस. सचोटी ही अशी रोजच्या कामातच दिसते, आणि ती बघून आपलीही हिंमत वाढते.

7 मे 2024 ला ते गेले, अवघे 61 वर्षांचे. दहा दिवसांनी तुमचा शेवटचा अल्बम आला. तारीख आधीच ठरलेली होती. तो मी जॅमरूममध्ये बाकीच्या दोघांबरोबर पूर्ण ऐकला. अर्धा तासही नाही. तो सवडीने, काही वर्षांत मिळून केलेला, म्हणून कुठेही दमलेला वाटत नाही. टॉड, तुमचे ड्रम्स इतके जवळ आणि इतके खरे रेकॉर्ड झालेत की आमच्या ड्रमरने काड्या खाली ठेवल्या आणि ऐकत बसला. बॉब, तुमच्या बासबद्दल मी काही लिहू शकत नाही, मी अजून ते वाजवून बघतेय.

तुम्ही दोघं यापुढे एकत्र वाजवाल की नाही, तो सर्वस्वी तुमचा प्रश्न. आमच्याकडून एवढंच कळवायचं होतं की नवं रेकॉर्डिंग आम्ही कल्याणच्या एका मुलाकडून करून घेतलं. टक्का नाही, करार नाही. काम संपलं त्याच संध्याकाळी त्याच्या हातात पूर्ण पैसे दिले आणि मास्टर आम्ही घरी आणले. किती द्यायचे ते बाबांना विचारून ठरवलं.

मनापासून आभार, तिघांचेही.

तुमची,
डोंबिवलीची एक बास वाजवणारी